जमीन हलली नाही तरी

रत्नागिरीत राहून समुद्र चुकवायचा म्हणजे अवघडच, पण सगुणा शिवलकरने ते जमवलं होतं. नाचणे गावाच्या वरच्या अंगाला, जिथे गाज पोचत नाही आणि खिडकीतून हापूसच्या कलमांखेरीज काही दिसत नाही, तिथे दोन खोल्या घेऊन ती लेकीबरोबर राहायची. मुलींच्या एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. मासळी घ्यायची ती दारावर येणाऱ्या बाईकडून. मांडवीच्या किनाऱ्याकडे कामच निघालं तर काम दुसऱ्यावर ढकलायची.

तिचं माहेर पुलापलीकडे, भाट्याला. म्हातारी आई सोनूबाई, धाकटा भाऊ शिवा आणि भावजय काशी अजून तिथेच, खाडीच्या कडेला राहत. सगुणा वर्षातून दोनदा जायची, गणपतीला आणि शिमग्याला, तीही सकाळी जाऊन उन्हं कलायच्या आत परत.

"वन्सं, एक रात्र राहिलात तर काय होईल?" काशी दर खेपेला विचारी.

"पुढच्या वेळी," सगुणा म्हणे, आणि चप्पल पायात घाली.

तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर स्टीलचे पेले एकावर एक रचलेले असत. रचना अशी डळमळीत, की रस्त्यावरून चिऱ्यांचा ट्रक गेला तरी पेले किणकिणत. लेकीला, वेदिकाला, लहानपणी तो खेळ वाटायचा. तो खेळ नव्हता. समुद्र अंगावर येण्याआधी जमीन हलते, हे सगुणाने डोळ्यांनी पाहिलं होतं. जमीन हलली की पेले आधी बोलतील, आणि पेले गप्प आहेत तोवर भीती नाही. एवढ्या एका समजुतीवर तिने वीस वर्षं काढली होती.

मुळात ही बाई समुद्राला घाबरणारी नव्हे. भाट्याच्या वाळूत वाढलेली पोर, भरतीच्या पाण्यात भावाबरोबर कालवं काढायला जाणारी. लग्न झालं आणि ती थेट ग्रेट निकोबारला गेली. सासरे धाकू शिवलकर फौजेतून निवृत्त झालेले. माजी सैनिकांना सरकारने त्या टोकाच्या बेटावर जमिनी दिल्या, त्यात त्यांनाही मिळाली होती. त्यांनी तिथे माड लावले, पोफळी लावल्या, किनाऱ्यालगत घर बांधलं. नवरा विनोद वीज खात्यात तारा ओढायचं काम करायचा. मद्रासहून बोटीने पोर्ट ब्लेअर, तिथून पुन्हा दुसरी बोट. पहिल्यांदा उतरली तेव्हा समोर माडांची रांग बघून सगुणा हसली होती. "एवढं लांब आणलंत आणि शेवटी भाट्यालाच उतरवलंत," असं ती विनोदला म्हणाली होती.

वेदिका दीड वर्षाची असताना ती सकाळ उजाडली. नाताळचा दुसरा दिवस, रविवार. सासरे नेहमीसारखे खालच्या बागेत पडलेले नारळ गोळा करायला गेले होते. सगुणा चहा गाळत होती आणि पायाखालची फरशी सरकली. आधी वाटलं, चक्कर आली. मग भांडी पडली, टाकीतलं पाणी हेलकावे खात बाहेर सांडलं, आणि उभं राहणंच अशक्य झालं. तिने पोरीला पोटाखाली घेतलं. हादरे थांबतच नव्हते. भूकंप म्हणजे एक झटका, असं तिने ऐकलं होतं. हा तर कुणी घर सुपात घालून पाखडत बसल्यासारखा चालूच राहिला.

थांबला तेव्हा विनोद दारात आला. भिंतीला तडे गेले होते, पण माणसं धडधाकट होती. तो हसलासुद्धा. "संपलं बघ," म्हणाला.

मग खालून आवाज आला. लाट फुटते तसा नव्हे. दगडाच्या खाणीत डंपर रिकामा होतो तसा, आणि तो कमी होत नव्हता. माडांच्या बुंध्यांमधून पाणी वर चढत होतं. मागाहून पुष्कळ लोक म्हणाले की समुद्र आधी मागे गेला. सगुणाने मागे गेलेला समुद्र पाहिलाच नाही. तिने पाहिला तो येणारा. त्याला पाठ नव्हती. लाटेला पुढची बाजू असते, मागची असते, मध्ये ती मोडते. इथे पुढची कडा आली आणि तिच्यामागे सगळा समुद्रच तेवढ्या उंचीचा होता.

"पोरीला घे आणि डोंगरावर चढ," विनोद म्हणाला. "मी बाबांना घेऊन येतो."

ती चढली. वेताच्या काट्यांनी हात फाटले, पोर छातीशी रडत होती. वर पोचून वळली, तेव्हा घराच्या जागी चॉकलेटी पाणी गरगरत होतं आणि त्यात कुणाची तरी हिरवी दारं तरंगत होती. विनोद आला नाही. सासरे आले नाहीत. पाणी ओसरलं आणि पुन्हा आलं, आधीपेक्षा मोठं. वरच्या लोकांबरोबर ती कित्येक दिवस जंगलात राहिली, शहाळ्यांच्या पाण्यावर पोरीला जगवलं.

खाली उतरली तेव्हा सगळ्यात मोठी भीती तिला तिथे दिसली. समुद्र शांत झाला होता, पण परत गेला नव्हता. सासऱ्यांची बाग पाण्यात उभी होती. भरती नव्हती, वादळ नव्हतं, ऊन पडलं होतं, आणि माडांच्या बुंध्यांना लहान लहान लाटा लागत होत्या. रस्ता सरळ पाण्यात उतरत होता आणि तळाशी त्याचा पांढरा पट्टा दिसत होता. विनोद आणि सासरे कधीच सापडले नाहीत.

माहेरी परतल्यावर भाट्याच्या घरी ती टिकली नाही. गाज ऐकली की पोरीला उचलून उभी राहायची. शेवटी शिवानेच नाचण्याची जागा शोधून दिली.

वेदिका मोठी झाली आणि तिने शिकायला घेतलं ते भूशास्त्र. सगुणाला ते आवडलं नाही, पण अडवायचं तरी काय सांगून? एका रविवारी दुपारी सगुणा तांदूळ निवडत होती. वेदिका समोर येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तुझं घर पाण्यात का राहिलं, ते मला कळलंय. सांगू?"

सगुणाने सूप खाली ठेवलं.

वेदिकाने दोन्ही हात पुढे केले. डावा पंजा वर धरला, उजवा त्याच्या खाली सरकवला. "हा उजवा हात म्हणजे समुद्राचा तळ. तो वर्षाला बोटा-दोन बोटांइतका डाव्याखाली घुसतोय. पण सरळ घुसत नाही, अडकतो. बघ, माझी नखं अडकली. खालचा हात आत ओढतोय, तर वरच्या हाताची टोकं त्याच्याबरोबर खाली वाकतात आणि मागचा पंजा फुगून वर येतो. असं शेकडो वर्षं चालतं. वर राहणाऱ्या माणसांना काही जाणवत नाही."

"मग?"

"मग एका सकाळी ते सुटतं." तिने नखं सोडवली. बोटांची टोकं ताडकन वर उडाली आणि फुगलेला पंजा खाली बसला. "टोकं वर उडाली, तिथे समुद्राचा तळ उचलला गेला आणि त्याने वरचं सगळं पाणी उचललं. वाऱ्याची लाट वरच्या वर खेळते, आई. ही तळापासून हलते. खोल समुद्रात ती जेमतेम हातभर उंच असते. होडीतल्या माणसाला कळतही नाही की खालून काय गेलं. पण ती विमानाच्या वेगाने जाते. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की पुढची कड मंदावते, मागचं पाणी येऊन तिच्यावर चढतं. म्हणून तुला तिची पाठ दिसली नाही."

सगुणा तिच्या डाव्या हाताकडे बघत होती. "आणि आमची बाग?"

"बाग इथे होती." वेदिकाने खाली बसलेल्या पंजावर बोट ठेवलं. "समुद्र वर आला नव्हता, तुमची जमीन खाली गेली होती. कायमची."

सगुणाने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. पायाखालची जमीन खरोखर गेली होती, हे ऐकून तिला बरं वाटलं की अधिक वाईट, ते तिलाच सांगता आलं नसतं. मग तिने तो प्रश्न विचारला, जो विचारला नसता तर बरं झालं असतं.

"असं अडकलेलं आपल्या बाजूला आहे?"

वेदिकाने हात मांडीवर घेतले. "आहे. पाकिस्तान आणि इराणच्या किनाऱ्यासमोर. मकरान म्हणतात. तिथे १९४५ साली सुटलं होतं, तेव्हा पाणी मुंबईपर्यंत आलं होतं. माणसं गेली होती."

"पण इथे आधी हादरा बसेल ना?"

"आई, ते हजार किलोमीटरच्याही पलीकडे आहे. इथे बहुतेक काहीच कळणार नाही. पण उलट आपल्याला वेळ मिळेल. पाणी इथवर यायला काही तास लागतात. तुम्हाला तिथे चहा गाळण्याइतकाही वेळ नव्हता. इथे सूचना येते, भोंगे वाजतात..."

सगुणाने पुढचं ऐकलं नाही. तिची नजर फळीवर गेली होती. दुसऱ्या दिवशी वेदिका उठली तेव्हा पेले फळीवरून खाली, मांडणीत साधे उपडे घातलेले होते.

त्या दिवसापासून तिच्या भीतीला खुणेची जागा राहिली नाही. पूर्वी ती एका गोष्टीची वाट बघायची. आता काहीच न होणं हेसुद्धा भीतीचंच झालं. पोळी लाटताना मध्येच हात थांबवून ती कान द्यायची. सगळं नेहमीसारखं असायचं.

अशात वेदिकाने सांगितलं की तिचा प्रकल्प भाट्याच्या खाडीत आहे. ओहोटीला चिखलात नळ्या ठोकायच्या, आतला गाळ उभा काढायचा आणि त्यात वाळूचे पट्टे शोधायचे. मोठं पाणी आत घुसतं तेव्हा समुद्राची वाळू आणि शिंपले खाडीच्या गाळावर टाकून जातं, त्यावरून जुन्या लाटांचा माग लागतो.

"नाही जायचं," सगुणा म्हणाली.

"आई, मी पोहायला जात नाहीये."

"बाप पण पोहायला गेला नव्हता."

वेदिकाचा चेहरा उतरला, पण ती गेलीच. मायलेकींचं बोलणं थांबलं. डबा भरलेला असायचा, उचलला जायचा, बस.

आणि तशातच तो दिवस आला. सकाळचं जेवण आटोपून मेसमधल्या बायका पोळ्यांच्या दुसऱ्या घाण्याला बसल्या होत्या. दीपाली नावाची तरुण बाई भाज्या चिरायची. तिने फोन बघितला आणि विळी तशीच सोडून उभी राहिली.

"अगो बाय, हे काय? भाट्ये खाली करतायत."

व्हिडिओत भोंगा वाजत होता. माणसं पुलाकडच्या रस्त्याने धावत होती, एक जण कर्ण्यातून ओरडत होता. खाली लिहिलं होतं: मकरानला मोठा भूकंप, त्सुनामी येत आहे, पुढे पाठवा.

सगुणाने पहिली गोष्ट केली ती म्हणजे पायाखाली बघितलं. फरशी स्थिर होती. ओट्यावरच्या पातेल्यात पाण्यावर तरंगसुद्धा नव्हता.

तिने वेदिकाला फोन लावला. वाजत राहिला. शिवाला लावला, तोही वाजत राहिला. हाताचं पीठ तसंच ठेवून ती रस्त्यावर आली आणि पहिल्या रिक्षात बसली.

"भाट्याला."

रिक्षावाला नितेश तिला तोंडओळखीने जाणत होता. त्याच्याही फोनवर तेच आलेलं. "ताई, लोक वर येतायत आणि तुम्ही खाली जाताय? मी पुलापर्यंत सोडतो. पलीकडे नाही येणार, माझी पोरं आहेत."

"माझीही आहे," सगुणा म्हणाली.

पुलाच्या अलीकडे त्याने रिक्षा थांबवली. समोरून गाड्या येत होत्या. सगुणा कडेकडेने धावू लागली आणि पुलाच्या मध्यावर तिची नजर खाली गेली. खाडी रिकामी होती. चिखल दूरपर्यंत उघडा पडला होता, होड्या कलंडून पडल्या होत्या, तोंडाशी वाळूची पाठ कोरडी दिसत होती. ओहोटी होती, रोजची साधी ओहोटी. तिने कठडा धरला. निकोबारला जे तिने पाहिलं नव्हतं, ते आता दिसतंय असं तिला वाटलं. पाणी मागे गेलंय. म्हणजे येणार.

परत फिरावं, असं तिच्या मनात आलं. ती तशी वळलीसुद्धा, दोन पावलं टाकली. मग तिला खाली, चिखलात, निळा दुपट्टा दिसला.

बंधाऱ्यावरून ती कशी उतरली ते तिला आठवत नाही. चिखलात गुडघ्यापर्यंत रुतत, चपला कुठेतरी सोडून ती पोचली. वेदिका आणि तिच्या वर्गातली मृणाली एक लांब नळी ओढून काढत होत्या.

"वर चल! चल वर!"

"आई? तू इथे कशी?" वेदिकाने तिचा पांढराफटक चेहरा बघितला आणि नळी सोडली. "आई, थांब. ऐक. सराव आहे हा. नुसता सराव. दोन दिवस इथे गाडी फिरून सांगत होती. काही येत नाहीये."

सगुणाला शब्द ऐकू आले, अर्थ पोचला नाही. ती लेकीचं मनगट ओढत राहिली. मृणालीने हातातली कुदळ टाकली आणि म्हणाली, "वेदिका, वाद नको घालूस. वर जाऊ या." तशा तिघी चिखल तुडवत काठावर आल्या.

काठावर नारिंगी जाकीट घातलेला एक स्वयंसेवक हसून म्हणाला, "मावशी, एवढं मनावर घेऊ नका, सराव आहे." तेव्हा कुठे सगुणाच्या कानात तो शब्द शिरला. ती मटकन खाली बसली. वेदिका शेजारी बसली. "बोलत नव्हतो ना आपण," ती हळूच म्हणाली. "नाहीतर सकाळीच सांगितलं असतं."

सगुणा उठली ती घरी जायला नव्हे. "आये कुठे आहे?"

सोनूबाई पडवीत जवळा निवडत बसली होती. सगळी वाडी वर सड्यावर, डोंगराच्या सपाट माथ्यावर जमायची होती, पण निम्मी घरात होती. काशी कामावर गेलेली. शिवा कुंपण बांधत होता.

"आयेला वर का नाही नेलं?"

"ताई, सराव आहे गो. म्हाताऱ्या माणसांना त्रास नको म्हणून सांगितलंय."

"आणि खरं असेल तेव्हा तिला कोण नेणार?"

"तेव्हा नेऊ."

"कसं?"

सगुणाने पडवीतली प्लास्टिकची खुर्ची ओढली. "बस आये."

"मी कुठं जायची नाय," सोनूबाई म्हणाली. "जवळा मांजर खाईल."

"खाऊ दे. बस."

सगुणाचा आवाज असा होता की म्हातारी बसली. शिवा आणि वेदिकाने खुर्ची उचलली. घरामागून जांभ्या दगडाची पाखाडी वर सड्याला जाते. पायऱ्या उंच, कुठे झिजलेल्या, कुठे निखळलेल्या. पहिल्याच वळणावर खुर्ची कलली आणि सोनूबाई ओरडली. पुढे वेदिकाचा हात सुटत आला, सगुणाने तिची जागा घेतली. मग शिवाला धाप लागली. थांबायचं, उचलायचं, पुन्हा थांबायचं. एके ठिकाणी पाखाडीवर कुणीतरी चिरे रचून ठेवले होते, तिथून खुर्ची जाईना. शिवाने ते एकेक करून बाजूला टाकले.

वरून शिटी वाजली. सराव संपला होता. जमलेली माणसं हसत-बोलत पाखाडी उतरू लागली, आणि खुर्ची अजून मध्यावरच होती.

शिवा पायरीवर बसला. त्याने खाली पाहिलं. माडांच्या झावळ्या त्यांच्या पायांच्या पातळीला होत्या.

"निकोबारला झावळ्यांत कपडे अडकलेले होते," सगुणा म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. "पोरांचे पण."

उतरणारी माणसंही तिथे येऊन थांबली. स्वयंसेवक मागून आला, खुर्चीतल्या म्हातारीकडे बघितलं, आणि या वेळी तो हसला नाही.

"तुझे बाबा आजोबांना आणायला गेले," सगुणा वेदिकाला म्हणाली. "आजोबांचा गुडघा धरलेला असायचा. बागेतून चढ होता. बाबांनी त्यांना पाठीवर घेतलं असेल. मला नेहमी तेच दिसतं, की पाठीवर घेऊन चढतायत."

वेदिकाने आजीच्या खुर्चीचा पाय घट्ट धरला होता, तो तिने सोडला नाही.

"मला वरपर्यंत न्या," सोनूबाई एकदम म्हणाली. "अर्ध्यावर आणून ठेवलंत, आता बघू तरी द्या."

खाली उतरणाऱ्यांतले दोघे पुढे झाले आणि खुर्ची वर गेली.

सोनूबाईने नाचण्याला राहायला यावं म्हणून सगुणाने खूप प्रयत्न केले. म्हातारीने ऐकलं नाही. दिवसभर शिवा मिरकरवाड्याच्या बंदरावर, काशी कामावर, आणि म्हातारी घरात एकटी. शेवटी पावसाळ्याच्या आधी सगुणानेच नाचण्याच्या खोल्यांना कुलूप घातलं आणि भाट्याला आली. मेसची पहाटेची पाळी घेतली, म्हणजे दिवसा घरी राहता येईल. शिवाकडून खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधून घेतले. पाखाडीच्या निखळलेल्या पायऱ्या वाडीने मिळून बसवल्या. शेजारच्या दोन घरांतून माणसं ठरली, कोण कुठला बांबू धरणार. काही जण चेष्टा करत, पण चिरे पुन्हा कुणी वाटेत रचले नाहीत.

सगुणाची भीती गेली नाही. खाडीला ओहोटी लागली की तिचं तोंड सुकायचं. जेवताना गाज मोठी वाटली की घास हातात राहायचा. फोन तिने गळ्यात अडकवला होता, आंघोळीला जातानाही तो दाराशी असायचा. वेदिका म्हणे, "आई, शंभर वर्षं काही होणार नाही, किंवा उद्या होईल. आम्हालाही सांगता येत नाही." हे ऐकून धीर यावा असं काही नव्हतं, पण लेक खोटं बोलत नाही, एवढं तरी होतं.

एका संध्याकाळी ती पडवीच्या कडेला उभी राहून पाण्याकडे बघत होती. हातातली वात नुसतीच वळली जात होती. सोनूबाईने आतून विचारलं, "एवढी घाबरतंस, तर इथं कशाला आलीस गो?"

"घाबरते म्हणूनच आले, आये."

"मग दार ओढून घे," म्हातारी म्हणाली. "वारा येतोय."